वनस्पती जाणणाऱ्या स्त्रीची कादंबरी

मागील घटकात ऐतिहासिक कादंबरीची लक्षणे आपण पाहिली. हरि नारायण आपटे यांच्यापासून विश्वास पाटील यांच्यापर्यंतचा प्रवासही थोडक्यात पाहिला. ‘स्वामी’ (१९६२), ‘श्रीमान योगी’ (१९६८), ‘राऊ’ (१९७२), ‘छावा’ (१९७९), ‘पानिपत’ (१९८८) या कादंबऱ्यांपैकी निदान दोन तरी तुम्ही अभ्यासक्रमाबाहेरही वाचल्या असतील. आमच्याकडे सौंदड आणि आसपासच्या गावांतून रविवारच्या संमंत्रण सत्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी विचारतो की, ऐतिहासिक कादंबरी म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येते? उत्तरे ठरलेली असतात. किल्ला, दरबार, तलवार, फितुरी, रणांगण. स्त्री येते ती राजमाता म्हणून, पत्नी म्हणून, सती म्हणून किंवा मस्तानीसारखी, जिच्यापायी राज्यकारभार हलला अशी प्रेयसी म्हणून.

या लेखात मी तुमच्यापुढे वेगळाच प्रश्न ठेवणार आहे. पाने, मुळे, बीजे आणि शेवाळ पाहण्यात जिने सारे आयुष्य घातले, अशी स्त्री ऐतिहासिक कादंबरीची नायिका होऊ शकेल काय? सत्रात हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेकांचे मत असे पडले की, असा विषय चरित्राला किंवा विज्ञानविषयक लेखाला शोभेल. कादंबरीला लागणारा संघर्ष त्यात कोठून येणार? हे मत मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे एका इंग्रजी आणि एका मराठी कादंबरीच्या आधाराने सांगतो. माझे विवेचन तुम्हांला पटलेच पाहिजे असा आग्रह नाही. मात्र न पटल्यास त्याची कारणे कादंबरीतच शोधावीत.

इंग्रजी कादंबरी आहे अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांची ‘द सिग्नेचर ऑफ ऑल थिंग्ज’ (२०१३). तिची नायिका आल्मा व्हिटाकर इ. स. १८०० मध्ये फिलाडेल्फियात जन्मते. तिचा बाप हेन्री हा लंडनच्या क्यू उद्यानातील एका गरीब माळ्याचा मुलगा. तो लहानपणी त्याच उद्यानातील रोपे चोरून विकतो, पकडला जातो, शिक्षा म्हणून जहाजावर धाडला जातो आणि पुढे सिंकोनाच्या, म्हणजे ज्या झाडाच्या सालीपासून कोयनेल होते त्या झाडाच्या व्यापारात अफाट श्रीमंत होतो. आई डच, विदुषी आणि कमालीची कडक. अशा घरात वाढलेली आल्मा पाच-सहा भाषा, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकते. रूपाने ती सामान्य आहे. ज्या पुरुषावर तिचे प्रेम बसते तो तिच्या मैत्रिणीशी लग्न करतो. वडिलांच्या इस्टेटीबाहेर पाऊल टाकण्याची शक्यता मावळत गेली, तेव्हा एके दिवशी तिला इस्टेटीतल्याच चुनखडीच्या मोठमोठ्या दगडांवर वाढलेले मॉस दिसते. आजवर ती त्याच्या शेजारून जात आली होती, पण पाहिले नव्हते. भिंग लावून ती पाहू लागते आणि तिला एक पूर्ण अरण्य दिसते. पुढची अनेक वर्षे ती त्या दगडांवर खुणा करून मॉसच्या जाती एकमेकींच्या जागेत कशा शिरतात, कशा माघार घेतात, हे मोजत राहते.

येथे थोडे थांबून एका शब्दाचा विचार करू. ‘मॉस’साठी आपण मराठीत सर्रास ‘शेवाळ’ म्हणतो. पाण्यावर येणाऱ्या हिरव्या तवंगालाही शेवाळच म्हणतो. शालेय विज्ञानात ही दोन वेगळी होती, हे तुम्हांला आठवेल: पाण्यातले ते शैवाल, आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीवर हिरव्या मखमलीसारखे पसरते ते मॉस. आल्माची कादंबरी उद्या कुणी मराठीत आणली, तर पहिल्याच शंभर पानांत अनुवादकाची गाडी या शब्दापाशी अडेल. भाषेत एखाद्या वस्तूला स्वतंत्र नाव नसते, याचा अर्थ बहुधा असा असतो की, लिहिणाऱ्यांना ती वस्तू वेगळी दिसलेली नाही. पाहणाऱ्यांना ती दिसत असेल आणि त्यांच्याकडे तिचे नावही असेल. पण पाहणारे आणि लिहिणारे एकच असतात असे नाही. या मुद्द्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आल्माची कथा पुढे बरीच वळणे घेते. ऑर्किडची अप्रतिम चित्रे काढणाऱ्या अँब्रोज पाइकशी तिचे पन्नाशीकडे झुकताना लग्न होते. ते लग्न नावापुरतेच राहते. तिचे मन मोडते. तो ताहिती बेटावर पाठवला जातो आणि तेथेच मरतो. त्याचे रहस्य शोधत ती ताहितीला जाते. माझ्या मते हा भाग लांबला आहे. बेटावरची माणसे नायिकेला काही शिकवण्यासाठीच जणू उभी केल्यासारखी वाटतात, आणि वनस्पती मागे पडतात. पण याच भागात, समुद्रकाठी बायकांच्या एका आडदांड खेळात पाण्याखाली दाबली गेली असता, जिवाच्या आकांताने वर येताना तिला आयुष्यभराच्या निरीक्षणांचे सूत्र सापडते. जगण्याच्या झगड्यात जे टिकते ते बदलत टिकते. दगडावरच्या मॉसचे तेच, माणसाचे तेच. पुढे ती हा सिद्धान्त लिहून काढते.

आणि छापत नाही. तिच्या सिद्धान्तात एक भोक आहे आणि ते तिला दिसते. जगणे जर झगडा आहे, तर तिच्या दत्तक बहिणीने, प्रूडन्सने, दुसऱ्यांसाठी स्वतःचे सुख का सोडले? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत छापायचे नाही, असे ती ठरवते. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ येतो. आल्मा तो वाचते.

विद्यार्थिमित्रहो, ऐतिहासिक कादंबरीच्या तंत्राच्या दृष्टीने हे स्थळ लक्षपूर्वक अभ्यासण्यासारखे आहे. नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त डार्विन आणि वॉलेस या दोघांना स्वतंत्रपणे सुचला, आणि १८५८ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, हा इतिहास आहे. गिल्बर्ट यांनी त्यात तिसरे माणूस घातले; पण त्या माणसाने काहीच छापले नाही, म्हणून इतिहासातील एकही तारीख हलत नाही. कादंबरीकार इतिहासाच्या नोंदीतील मोकळ्या जागेत शिरली आणि तिने तेथील एकही वस्तू फोडली नाही. ‘पानिपत’च्या लेखकाला हे स्वातंत्र्य नव्हते. १४ जानेवारी १७६१ या दिवशी काय झाले हे वाचकाला आधीच ठाऊक असते. तेथे कौशल्य वेगळे लागते. आल्माच्या बाबतीत वाचकाला काहीच ठाऊक नाही, आणि तरीही तिच्या पराभवावर विश्वास बसतो, कारण तो पराभव तिच्या प्रामाणिकपणातून येतो. संघर्ष कोठून येणार, असे विचारणाऱ्यांना माझे हे पहिले उत्तर आहे.

आता आपल्या भाषेकडे वळू. विज्ञानाच्या वाटेने गेलेल्या स्त्रीवर मराठीत लिहिली गेलेली सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८). वनस्पतिशास्त्र नव्हे, वैद्यक. पण आपल्या विषयाच्या इतके जवळचे दुसरे उदाहरण मला दिसत नाही. योगायोग असा की, आनंदीबाई जोशी ज्या शहरात डॉक्टर झाल्या ते शहरही फिलाडेल्फियाच. आल्मा हे कल्पनेतले पात्र, आनंदीबाई खऱ्या. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल काही दिवसांतच गेले. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते.

‘आनंदी गोपाळ’ ही थोर कादंबरी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण ती कशाची कादंबरी आहे? माझ्या वाचनात ती एका विवाहाची कादंबरी आहे. गोपाळरावांचा हट्ट, त्यांचे प्रेम, त्यांचा छळ, आणि त्या साऱ्यातून घडत, मोडत गेलेली एक मुलगी. वाचक ती मिटवतो तेव्हा त्याच्या मनात गोपाळराव राहतात. आनंदीबाईंनी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. ज्या मुलीचे स्वतःचे मूल वाचले नाही, तिने हा विषय निवडला. त्या प्रबंधासाठी तिने कोणते ग्रंथ चाळले असतील? सुईणींच्या रीतींविषयी तिला काय वाटले असेल? शवविच्छेदनाच्या टेबलापाशी ती पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिला भीती वाटली की कुतूहल? तिचे मन आतून कसे चालत होते, हे कळावे अशी माझी भूक ही कादंबरी पुरी करत नाही. तिला नवरा आहे, दुःख आहे, धैर्य आहे. तिचे काम मात्र दाराबाहेर राहते.

कुणी म्हणेल की १९६८ च्या वाचकाला हेच हवे होते, आणि लेखकाने जे लिहिले नाही त्याबद्दल त्याला जाब विचारणे योग्य नाही. आक्षेप रास्त आहे. समीक्षकाने जे पुस्तक समोर आहे त्याविषयी बोलावे, हे मीच तुम्हांला मागच्या सत्रात सांगितले होते. तरीही मी हा मुद्दा सोडत नाही, कारण तो एका पुस्तकापुरता नाही. आपल्याकडे कर्तबगार स्त्रीची कथा सांगताना तिला काय सोसावे लागले हे आपण तपशिलाने सांगतो, आणि तिने काय केले ते एका वाक्यात उरकतो.

कमला सोहोनी यांचेच पाहा. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात अव्वल येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे होते सी. व्ही. रामन. त्या हटून बसल्या, आणि वर्षभर काम पाहून मगच मान्यता देण्याच्या मानहानीकारक अटीवर आत गेल्या. ही कथा आता शाळेतल्या मुलांनाही माहीत झाली आहे, आणि ती माहीत असलीच पाहिजे. पण केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती कशाबद्दल, हे किती जणांना सांगता येईल? प्राण्यांच्या पेशींत श्वसनाचे काम करणारे सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवले, आणि तेही बटाट्यावर काम करता करता. पुढे मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले. बटाटा आणि नीरा! स्वयंपाकघरातली वस्तू आणि शिंदीच्या झाडाखालचे मडके. यात कादंबरी नाही असे म्हणणाऱ्याला कादंबरी म्हणजे काय ते कळलेले नाही, असे मी जरा उद्धटपणे म्हणेन.

आणखी एक गोष्ट या प्रसंगाने सांगतो. कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीचे नाव दुर्गा भागवत. ‘ऋतुचक्र’ (१९५६) तुम्हांला पहिल्या वर्षीच्या ललितगद्याच्या घटकात भेटले आहे. एका घरातल्या दोन बहिणी. एकीने झाडाच्या पेशीत काय चालते ते शोधले, दुसरीने तेच झाड वैशाखात कसे दिसते आणि भाद्रपदात कसे, ते लिहिले. एकीला भिंग लागले, दुसरीला ते लागले नाही. या दोघी एकत्र जेवायला बसत असतील तेव्हा झाडांविषयी काय बोलत असतील, हे कोणत्याही चरित्रात मिळणार नाही. ही अगदी आल्मा आणि प्रूडन्स यांच्यासारखी मोकळी जागा आहे. परंतु खऱ्या, अलीकडच्या माणसांच्या तोंडी कल्पित संवाद घालताना फार जपावे लागते. कमलाबाई १९९८ मध्ये वारल्या, दुर्गाबाई २००२ मध्ये. त्यांना ओळखणारी माणसे आहेत. केरळच्या जानकी अम्मल (१८९७-१९८४) यांच्याबाबतही तेच. कोइमतूरला उसाच्या जातींवर आणि पुढे इंग्लंडमध्ये गुणसूत्रांवर काम केलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंवर उत्तम चरित्र हवे; कादंबरीची घाई नको. म्हणूनच मला वाटते की, मराठी कादंबरीकाराने आल्माची वाट धरावी. काळ खरा असावा, वनस्पती खऱ्या असाव्यात, संस्था खऱ्या असाव्यात, आणि नायिका कल्पित असावी.

पण आल्माची वाट जशीच्या तशी आपल्याला चालणार नाही. तिच्या भिंगामागे बापाचा पैसा आहे. तो पैसा दक्षिण अमेरिकेतून पळवलेल्या झाडाचा आहे, आणि त्या झाडाची ओळख ज्यांनी करून दिली ते लोक कादंबरीच्या एका कडेलाच राहतात. आल्माला ग्रंथालय आहे, नोकरचाकर आहेत, दगडासमोर दिवसचे दिवस बसण्याची मोकळीक आहे. ज्या स्त्रीला यातले काहीच नाही, पण जिचे वनस्पतींचे ज्ञान आल्माइतकेच नेमके आहे, तिची कादंबरी कशी लिहायची?

हा प्रश्न मला पुस्तकाने दिला नाही. तो मला एका गृहपाठाने दिला, आणि ते सांगताना थोडी लाज वाटते. काही वर्षांपूर्वी ‘परिसरातील एका स्थळाचे ललित वर्णन’ या विषयावर एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या मामा तलावावर लिहिले होते. बाहेरच्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी सांगतो: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या भागात कोहळी समाजाने पूर्वी बांधलेले असे तलाव गावोगाव आहेत. नवेगावबांधचा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तिने सूर्यास्त, कमळे, बगळे असे काही लिहिले नव्हते. पाण्यातल्या कोणत्या वनस्पतीवर कोणता मासा अंडी घालतो, कोणती उपटायची आणि कोणती राहू द्यायची, बेशरम माजली की पाण्याचे काय होते, काठावरचे देवधान कधी पिकते, असे चार पानभर लिहिले होते. नावे सगळी झाडीबोलीतली. मी लाल शाईने समासात लिहिले, ‘विषयांतर. शास्त्रीय माहिती नको. नावे प्रमाण भाषेत द्यावीत.’ दहापैकी चार गुण दिले. ती काही बोलली नाही. बहुतेक विद्यार्थी बोलत नाहीत. दिवसभर काम करून रात्री गृहपाठ लिहिणाऱ्याला संमंत्रकाशी वाद घालायला वेळ नसतो.

आल्माच्या मॉसच्या खुणा वाचताना मला ती चार पाने आठवली. दगडावर खुणा करणाऱ्या आल्माला मी शास्त्रज्ञ म्हणत होतो आणि तळ्यातल्या वनस्पती ओळखणाऱ्या बाईला विषय सोडून भरकटलेली. फरक एवढाच होता की, आल्माजवळ लॅटिन नावे होती.

आमचा भाग ज्या नावाने ओळखला जातो ते नावच झाडांचे आहे: झाडीपट्टी. येथल्या बोलीला झाडीबोली म्हणतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासासाठी केलेले काम तुम्ही बोलीविज्ञानाच्या घटकात वाचले असेल. रानाविषयी मराठीत विपुल लेखन झाले ते मारुती चितमपल्ली यांच्यामुळे, आणि त्यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक तर आमच्या उंबऱ्यावरचे. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण रानात पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या, तेंदूपाने तोडून मुडके बांधणाऱ्या, तळ्यात उतरून मासळी धरणाऱ्या ढिवर बायका लिहिणाऱ्याच्या जागी अद्याप आलेल्या नाहीत. अलीकडे अर्जुनी-मोरगावच्या बाजूला अशाच बायकांनी काही तलावांतील बेशरम काढून पाण्यातल्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासळी परतली. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. बातमी झाली की विषय संपतो, कादंबरी झाली तर तो सुरू होतो.

इतिहासात अशा स्त्रीचा मागमूस कोठे लागतो काय, हे शोधताना मला गोव्यात एक नाव सापडले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात एक ग्रंथ छापला. भारतातील औषधी वनस्पतींवर युरोपीय भाषेत छापलेल्या आरंभीच्या ग्रंथांपैकी तो एक. त्याची रचना संवादांची आहे. ओर्ता आणि त्याचा पाहुणा रुआनो बोलत बसलेले असतात; विषय निघतो आणि मध्येच ओर्ता हाक मारतो, अंतोनिया! घरात राबणारी ही मुलगी, बहुधा गुलाम. ती येते, मागितलेली वनस्पती किंवा फळ आणून ठेवते, विचारले तर थोडक्यात उत्तर देते आणि जाते. बस्स. जिचे नाव ‘अंतोनिया’ आहे तिचे आधीचे नाव काय होते, ती कोकणी बोलत होती की मलयाळम की आणखी काही, हे ग्रंथ सांगत नाही. पण कोणते झाड कोठे उगवते हे तिला माहीत होते, एवढे त्या हाकेवरून कळते. मालकाला रोप ओळखता येत असेल. ते आणायला कोठे जायचे हे तिला ठाऊक होते.

शंभरेक वर्षांनी डचांनी मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ केला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले आहे. पुरुषांना निदान सही मिळाली. अंतोनियाला हाक मिळाली.

माझे म्हणणे असे की, मराठीतील स्त्री-वनस्पतिज्ञावरची ऐतिहासिक कादंबरी या हाकेपासून सुरू करता येईल. गोव्याच्या त्या बागेत नाट्याला तोटा नाही. ओर्ता हा धर्मांतरित ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्या घरावर असा प्रसंग आला त्या घरातल्या दासीचे पुढे काय झाले असेल? तिच्या डोक्यातली झाडे कोणाकडे गेली असतील? नोंद नाही, म्हणून येथे कादंबरीकाराला जागा आहे. पण मोह टाळावे लागतील. तिला एकाएकी बंडखोर करू नये. तिच्या तोंडी आजच्या घोषणा घालू नयेत. तिचे एखाद्या पोर्तुगीज शिपायावर प्रेम बसवून तिची झाडे विसरू नयेत. सकाळी ओल्या मातीत गुडघे टेकून ती मूळ कसे खणते, ते न तोडता कसे काढते, कोणते पान चुरगाळून हुंगते, हे लिहिता आले पाहिजे. आणि ते लिहायला लेखकाने आधी स्वतः चिखलात उतरले पाहिजे. गिल्बर्ट यांची कादंबरी जेथे उभी राहते तेथे ती मॉसच्या जोरावर उभी राहते, आणि ताहितीत जेथे ढिली पडते तेथे मॉस नजरेआड झालेले असते.

भाषेचा प्रश्न शेवटी उरतोच. ‘श्रीमान योगी’च्या भारदस्त मराठीत अंतोनिया विचार करू शकणार नाही. बखरीची भाषा तिच्या कामाची नाही. तिला बोली लागेल, आणि त्या बोलीतली झाडांची नावे तळटीप न देता पानावर राहू द्यावी लागतील. वाचकाला एखादे नाव कळणार नाही. न कळू द्यावे. ‘स्वामी’तले किती शब्द तुम्हांला पहिल्या वाचनात कळले होते? तरी तुम्ही वाचत राहिलात.

या घटकाच्या स्वाध्यायात मी प्रश्न बदलला आहे. ‘ऐतिहासिक कादंबरीची वैशिष्ट्ये सांगा’ असे विचारण्याऐवजी, आपल्या घरातील किंवा गावातील वनस्पती जाणणाऱ्या एका वडीलधाऱ्या स्त्रीविषयी दोन पाने लिहा, आणि मग तिच्यावर कादंबरी लिहायची झाल्यास कोणत्या गोष्टींची नोंद मिळेल, कोणत्या कल्पाव्या लागतील, आणि कोणत्या कल्पिणे तुम्हांला अयोग्य वाटते, हे तिसऱ्या पानावर लिहा, असे विचारले आहे. प्रमाण भाषेची अट नाही.

ती विद्यार्थिनी मला गेल्या पावसाळ्यात सौंदडच्या स्टेशनवर भेटली. पदवी केव्हाच झाली आहे. मी त्या चार गुणांचा विषय काढला आणि माझी चूक झाली असे सांगितले. तिला गुण आठवत नव्हते. ती म्हणाली, सर, त्यातली नावे अर्धीच होती, बाकीची आईला माहीत आहेत. तेव्हा लिहायला घेतले तर आई म्हणाली, एवढी कशाला, वाचणाऱ्याला कुठे कळणार आहेत. बल्लारशाहकडची गाडी आली तेव्हा ती बोटांवर त्या राहिलेल्या वनस्पती मोजून दाखवत होती. सहा झाल्या होत्या, आणि ती अजून आठवत होती.